सरासरी बाळाचे वजन

देशाचे सरासरी बाळ सकाळी रांगत रांगत करवंदवाडीच्या अंगणवाडीत आले आणि उंबऱ्यावर बसून अंगठा चोखू लागले. पोषणाच्या सर्वेक्षणासाठी आलेल्या अनसूयाबाई टेंबे यांनी त्याला पाहताक्षणी ओळखले. आयुष्यभर त्या गावोगावच्या मुलांची वजने घेत आल्या होत्या. त्या साऱ्यांची बेरीज आणि भागाकार होऊन अहवालात जे एकच मूल उरत असे, ते हेच. त्याचे वजन एखाद्या वर्षी तोळाभर वाढले की बाई कचेरीत साखर वाटत, आणि सहकारी हसत. आज त्या आकड्याला जावळ होते, दोन दात होते आणि नाकाखाली शेंबूड होता.

बाईंनी तो पदराने पुसला.

"कुणाचं हो हे?" सेविका हौसाबाई धिंदळे यांनी चुलीपासूनच विचारले.

"सगळ्यांचं. देशातल्या सगळ्या मुलांचं मिळून एक."

"मंग आयाबी सगळ्याच की! आन् एकीलाबी नाक पुसाया सवड नाय."

बाळ क्षणभरही एकसारखे राहत नव्हते. दूर कुठे एखादी माता लेकराला पदराखाली घेई, तेव्हा त्याच्या गालांना भर येई. कुठे एखादे पातेले रिकामे पालथे पडे, तेव्हा त्याच्या मांडीची कातडी सैल होई. अनसूयाबाईंनी दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी त्याच्या दंडाभोवती गुंडाळली. खूण श्वासासारखी हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालात जाई आणि परत फिरे. बाईंनी पट्टी सोडली आणि दंडावर उठलेला वळ बोटाने हळुवार चोळला.

इकडे खिचडी शिजेना.

"जाळ हाय, पाणी उकळतंय, आन् तांदूळ खड्यावाणी," हौसाबाई म्हणाल्या. "असं कंदी झालं नव्हतं."

अनसूयाबाईंना कारण ठाऊक होते. या बाळाचे वजन नोंदले जाईपर्यंत देशातल्या कोणत्याही अंगणवाडीत अन्न शिजणार नव्हते. आणि वजन नोंदताच बाळ पुन्हा आकडा होऊन निघून जाणार होते. या दोन्ही गोष्टी कोणाला सांगाव्या लागत नाहीत; सूर्य पूर्वेला उगवतो, तशा त्या होत्या.

ताटल्या घेऊन बसलेल्या मुलांची रांग लांबत चालली. मागची भिंत सरकली आणि तिच्यापलीकडे दुसऱ्या गावची मुले बसलेली दिसली, त्यांच्यापलीकडे तिसऱ्या. खोली जितकी लांबली, तितकी अरुंद झाली. बाजूच्या भिंती अनसूयाबाईंच्या खांद्यांना येऊन टेकल्या.

"बाई, घ्या की वजन. पोरं खोळंबलीत."

"घेते. जांभई देतंय, ती होऊ दे."

जांभई झाली. बाईंनी झोळी झटकली, काटा शून्यावर आहे ना ते पाहिले, पुन्हा पाहिले, मग बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली.

"वजन करायचंय का बारसं?" हौसाबाई हसल्या. "मंग नावबी ठेवा."

"नाव देता येत नाही हो. दिलं, तर ते एकाचंच होईल."

हौसाबाईंचे हसू ओसरले. त्यांनी बाळाच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून सोडला आणि वजनकाटा तुळईला अडकवला.

बाळाला झोळीत घालताच माता आल्या. एकीचे नऊवार, एकीची ओढणी, एकीच्या डोईवर सरपणाची मोळी. त्या अरुंद खोलीत त्या कशा मावल्या, हे कोणी विचारले नाही. प्रत्येकीने झोळीखाली तळहात धरला. असे सर्वत्र घडते. झोळी निसटेल या भयाने आई खालून हात लावते, आणि मूल काट्यावर हलके भरते. अनसूयाबाई प्रत्येक गावी जे बोलत आल्या, तेच आजही बोलल्या.

"आई, हात काढा. पडत नाही ते."

"धरलं तर बिघडतं काय?" मोळीवाली म्हणाली. "न्हाईतरी हलकंच हाय ते."

"खरं किती हलकं, ते कळलं पाहिजे. म्हणून काढा."

एकेक तळहात मागे सरला. मोळीवालीने मागे सरता सरता कानशिलावर बोटे मोडून बाळाची दृष्ट काढली. मातांनी भिंतीशी अंग चोरले. काटा मात्र शून्यावरच होता.

"अजून कुणाचा तरी हात आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "काढा हो, आई. मुलं उपाशी आहेत."

कोणीच हलले नाही. चुलीवरचे पाणी उकळत होते.

"बाई," हौसाबाई हळूच म्हणाल्या, "तुमचाच हाय."

अनसूयाबाईंनी खाली पाहिले. बाळ त्यांच्याकडे पाहून दोन दातांनी हसत होते. त्यांनी आधी करंगळी काढली. काटा थरथरला.