मे ते ऑक्टोबर

हिर्सलिंगन गावात पैसा असायला कुणाची हरकत नाही, तो दिसायला मात्र आहे. इथले कारखानदार कोपरावर ठिगळ लावलेला कोट घालून बँकेत जातात आणि बँकेचा मॅनेजर त्यांच्यासाठी उठून उभा राहतो. फोल्कमार गायझर याच मुशीतला. लेथवर बारीकसारीक सुटे भाग काढायचा त्याचा कारखाना होता. उभी हयात तो कामगारांच्या आधी कामावर आला आणि त्यांच्याच बाकावर बसून डबा खाल्ला. साठी उलटल्यावर कारखाना मुलीच्या हाती सोपवला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्याने उघड्या टपाची स्पोर्ट्‌स गाडी घ्यायचं काढलं.

म्हणजे ध्यानीमनी बायकोच्या होतं. रोसविटा बटाटे सोलत होती तेव्हा तो म्हणाला की विचार चाललाय. तिने मान वरही केली नाही.

"विचार तू लग्नाच्या आधीपासून करतोयस. झोपेत गिअर टाकतोस. माझ्या गुडघ्याला विचार."

गाडी निवडायला दोघं स्टुटगार्टला गेली. तिथे रंगांचे पत्रे एकाखाली एक लावलेले होते. रोसविटाने सरळ पिकल्या चेरीच्या लाल रंगावर बोट ठेवलं. फोल्कमारने राखाडी निवडला, पावसात भिजलेल्या डांबरी रस्त्याचा, म्हणजे रस्त्यावर गाडी आणि रस्ता वेगळा ओळखू येऊ नये असा. मग त्याने विक्रेत्याला जरा बाजूला घेऊन सांगितलं की गाडीच्या मागे मॉडेलचं नाव असतं, ते नको. विक्रेत्याला काही नवल वाटलं नाही. या भागातली निम्मी गिऱ्हाइकं हेच सांगतात, म्हणाला. लोक जादा पैसे मोजून मोठं इंजिन घेतात आणि मग ते लहान वाटावं म्हणून धडपडतात. आमच्याकडे याला शहाणपण म्हणतात.

रोसविटा हिरमुसली नाही. तिने एवढंच विचारलं की टप लावलेला असताना आतल्या सीट बाहेरून दिसतात का. फारशा नाही, विक्रेता म्हणाला. "मग सीट लाल," ती म्हणाली. फोल्कमारने तोंड उघडलं आणि परत मिटलं. न रागावणं म्हणजेच कौतुक, अशी आमच्या मुलखाची रीत आहे. त्या हिशेबाने रोसविटाचं त्या दिवशी खूप कौतुक झालं.

राहिली नंबराची पाटी. हौशी गाड्यांना आमच्याकडे हंगामी पाटी मिळते. तिच्या उजव्या कडेला दोन आकडे असतात, वर सुरुवातीचा महिना, खाली शेवटचा. तेवढ्याच महिन्यांचा कर आणि तेवढ्याच महिन्यांचा विमा. हंगामाबाहेर गाडी रस्त्यावर चालवायची तर सोडाच, नुसती उभीही करायची नाही. बहुतेक लोक एप्रिल ते ऑक्टोबर घेतात. फोल्कमारने मे ते ऑक्टोबर घेतली. एप्रिलमध्ये कधी बर्फही पडतो, उघड्या गाडीत तेव्हा कोण मरायला बसणार, असा त्याचा सवाल होता. घरादाराच्या किमतीची गाडी घेतली, पण खरा आनंद त्याला एका महिन्याचा कर वाचल्याचा झाला.

गाडी आली ती संध्याकाळच्या वेळी आणि टप लावून. गॅरेजात गेली, वर चादर पडली. त्यानंतरची तऱ्हा ठरलेली होती. टप लावूनच गावाबाहेर पडायचं, बसथांब्याच्या आडोशाला थांबायचं, टप उघडायचा. येताना पुन्हा तिथेच थांबून टप लावायचा आणि मग गावात शिरायचं. डोक्यावर कपाळापर्यंत ओढलेली टोपी. गाडीत खायची बंदी. रोसविटाला त्या बसथांब्याचा इतका राग होता की तिने तिथून बसने जाणंही सोडलं.

गावात काही गुपित राहतं असं ज्याला वाटतं तो कधी गावात राहिलेलाच नसतो. एकदा बोडन्झे सरोवराच्या काठी, घरापासून चांगल्या दोन तासांच्या अंतरावर, त्यांना गावची बेकरीवाली गुंडुला भेटली. उघडी गाडी, लाल सीट, लपायला जागा नाही. मेहुण्याची गाडी आहे, फोल्कमार म्हणाला, दोन दिवसांसाठी दिलीय.

"चांगला मेहुणा मिळालाय तुला," गुंडुला म्हणाली आणि आइस्क्रीम चाटत पुढे गेली. रोसविटाला भाऊ नव्हता. गुंडुला शाळेत तिच्याच बाकावर बसायची.

तरी गावाने कधी विषय काढला नाही. एखाद्याला लपवायचंच असेल तर त्याला लपवू द्यावं, एवढी माणुसकी आमच्याकडे आहे. समोरच्या घरातला राप, निवृत्त हवालदार, ज्याने सख्ख्या साडूलाही चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून दंड ठोकला होता, तोही गॅरेजचं दार उघडलं की आपल्या गुलाबांत डोकं घालायचा.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये रोसविटा म्हणाली की स्वयंपाकघराची चौकट वाकडी झालीय. फोल्कमार तळघरात जाऊन पाणसळ घेऊन आला. ती चौकटीला लावली, तिन्ही बाजूंनी लावली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"केसभरही फरक नाही," तो म्हणाला.

"मला वाकडी दिसते."

"सरळ आहे. हे बघ ना."

ती बघतच होती. तिला पाणसळही वाकडी दिसत होती. पण ती पुढे काही बोलली नाही, आणि आपण सिद्ध करून दाखवलं या समाधानात तो पाणसळ पुसून जागेवर ठेवायला गेला.

त्याच सुमारास तिने आणखी एक गोष्ट मागितली. एप्रिलमध्ये लेनिंगनच्या दरीत चेरीची झाडं फुलतात, सगळी दरी पांढरी होते. तिचं माहेर तिथलं. टप उघडून त्या झाडांखालून जायचं होतं तिला. फोल्कमारने पाटीची आठवण करून दिली. मे महिना लागेपर्यंत फुलं उरत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. पाटी बदलता येते, पण त्यासाठी कचेरीत जायचं, नवी पाटी करून घ्यायची. "पुढच्या वर्षी बदलू," तो म्हणाला. "झाडं कुठे पळून जाताहेत."

झाडं गेली नाहीत. ट्युबिंगनच्या डॉक्टरने तिचे डोळे तपासले तेव्हा उन्हाळा सरत आला होता. नजरेच्या मधोमध डाग पडतोय, म्हणाला. रेषा वाकड्या दिसतात ही त्याची पहिली खूण, तेव्हाच आला असतात तर बरंच काही धरून ठेवता आलं असतं. डोळ्यांत इंजेक्शनं झाली. हिवाळ्यापर्यंत मधलं सगळं गेलं. कडेचं राहील, डॉक्टर म्हणाला, अगदी अंधार होणार नाही. पण किती राहील ते त्याने सांगितलं नाही. फोल्कमार त्या रात्री तळघरात गेला आणि पाणसळ समोर घेऊन बसून राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रोसविटाने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच त्याला सोसवेना.

पाटी बदलायचं त्याने या वर्षी मनावर घेतलं. कचेरीने एप्रिलच्या मध्याची वेळ दिली, आणि झाडं फुलतातही मध्यालाच, म्हणून तो निर्धास्त होता. पण मार्च उन्हाळ्यासारखा तापला. एप्रिलच्या पहिल्याच शनिवारी तो पाव आणायला गेला तेव्हा गुंडुला म्हणाली की लेनिंगनला कालपासून सगळं पांढरं झालंय आणि उद्या वादळी पाऊस सांगितलाय. म्हणजे परवा झाडांवर काही राहणार नाही. तिने पिशवीत लोणी लावलेले दोन ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचे खारे पाव, घातले. त्याने मागितले नव्हते.

घरी आल्यावर त्याने सांगितलं की आपण जाऊ, जुन्या गाडीतून. काच खाली करू.

"चालेल," रोसविटा म्हणाली.

तिने एवढंच म्हटलं आणि कोट शोधायला गेली. चौकटीपाशी तिने हात लावून चौकट कुठे आहे ते बघितलं. फोल्कमारने जुन्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढली, हातात धरली आणि परत लावली.

ज्या माणसाने कधी रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा ओलांडला नव्हता, त्याने हंगामाबाहेरची, विमा नसलेली गाडी गॅरेजमधून काढली. हे चूकच होतं, यात दुमत नाही. कुणाला धडक बसली असती तर कारखाना विकूनही भागलं नसतं. हे सगळं त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं, म्हणून तो इतक्या हळू चालवत होता की एक सायकलवाली बाई त्यांना मागे टाकून गेली. बसथांब्यामागे त्याने टप उघडला. हवा गार होती. रोसविटाने ब्रेत्सेल काढला आणि परवानगी न विचारता मोडला. लाल सीटवर चुरा सांडला. तो बघत राहिला.

लेनिंगनच्या दरीत दोन्ही उतार पांढरे झाले होते. रस्ता झाडांखालूनच जात होता आणि पाकळ्या थेट गाडीत पडत होत्या. फोल्कमारने तिच्याकडे बघितलं. झाडं उजवीकडे होती, डावीकडे होती, डोक्यावर होती, आणि ती एकटक त्याच्याच तोंडाकडे बघत होती. त्याला वाटलं, उशीर झाला, आता तिला काहीच दिसत नाही.

"रोसविटा, झाडं तिकडे आहेत. वर बघ."

"वर बघितलं तर वरचं जातं. जिथे बघते तिथे भोक पडतं."

"मग?"

"तुझ्याकडे बघितलं की झाडं दिसतात. तू जातोस, पण तुझ्या चारी बाजूंनी सगळं पांढरं दिसतं." ती हसली. "हलू नकोस. त्या अंगाला फार छान आहे."

तो हलला नाही. गाडी कडेला घेऊन तो तिच्याकडे तोंड करून बसला, न दिसणारा, आणि ती त्याच्या भोवतालची दरी बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं की मग त्याला बघायचं असलं तर ती काय करते. तर दुसरीकडे बघते, ती म्हणाली. हिवाळाभर तेच करतेय, तुझ्या लक्षात आलं नाही. तेव्हा त्याला आठवलं की गेले काही महिने जेवताना ती खिडकीकडे बघत असायची आणि ती आपल्यावर रागावली आहे असं समजून तो खाली मान घालून जेवत असायचा.

परतताना ऊन उतरलं होतं. शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे झाडणीची वेळ. ज्याने त्याने आपल्या दारासमोरचा रस्ता झाडायचा असा शिरस्ता आहे, त्यामुळे सगळं गाव झाडू घेऊन बाहेर असतं. लपूनछपून घरी पोहोचायला याच्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही. बसथांबा आला. रोसविटाने सवयीने मांडीवरची पिशवी आवरली आणि टप वर येताना होणाऱ्या घरघरीची वाट बघितली. ती आली नाही. थांबा मागे गेला. गावाची पाटी आली, तीही मागे गेली.

"फोल्कमार, टप राहिला."

"राहू दे."

मुख्य रस्त्यावर झाडू थांबले. लोकांनी राखाडी गाडी बघितली, आतल्या लाल सीट बघितल्या, त्यांवरच्या पाकळ्या बघितल्या. कुणी आश्चर्य दाखवलं नाही. चांभाराच्या म्हातारीने हसून मान हलवली, एवढंच. राप नेमका चर्चसमोर रस्त्याच्या कडेला उभा होता, स्वतःचं दार झाडून झालं की तो तिथली फरसबंदीही झाडायचा. त्याची नजर जिथे जायची तिथेच गेली, पाटीच्या उजव्या कडेवर. वरचा आकडा मेचा आणि आज एप्रिलचा पहिला शनिवार. रापने वर बघितलं, गाडीत बसलेल्या रोसविटाकडे बघितलं. मग त्याने पाठ फिरवली आणि आधीच लख्ख झाडलेला दगड पुन्हा झाडायला घेतला.

पुढे बेकरी होती. दारात गुंडुला झाडू टेकवून उभी होती. रोसविटाने तोंड त्या बाजूला वळवलं आणि तसंच ठेवलं. गुंडुलाने हात केला. रोसविटाने केला नाही. गुंडुलाला वाटलं, बिचारीला आता एवढंही दिसत नाही.

फोल्कमारला कळलं की ती आता त्याच्याकडे बघतेय. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाडी आणखी हळू केली.