किटली आणि मुतखडा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर फोल्कमार नावाचा बाबा काचेच्या भांड्यात काचेची कांडी फिरवत होता. "बघा, तुमच्याच नळाचं पाणी!" अर्धं आटेपर्यंत उकळलं, तरी भांडं लख्ख. शेजारच्या साध्या पाण्याच्या भांड्याला मात्र पांढरा थर. आमच्या जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गकडे पाणी क्षारांनी जड, किटल्या खरवडून बायकांची नखं झिजतात, त्यामुळे सगळ्यांनी आ वासला.

"किटलीतला दगड पळतो, तिथे मूत्रपिंडातला टिकेल का?" बाबा गरजला. टाळ्या!

पहिल्या रांगेत माझी बहीण गुडरून. खडा अडकलाय, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर मूत्रपिंड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही बया आठ दिवस बाबाचं पाणी पितेय!

माझं डोकंच फिरलं. कारण ती जादू माझी होती. वीस वर्षं मी कारखान्यात फॉस्फरसची सेंद्रिय संयुगं बनवतोय. त्यातल्या एकाचं पेटंट माझ्या नावावर आहे. चिमूटभर टाकलं की ते पाण्यातल्या क्षाराच्या कणांना चिकटतं, कण वाढत नाहीत, थर धरत नाही. बाजारात कुणालाही मिळतं; पण बॉयलरसाठी केलं होतं हो, बहिणीच्या पोटासाठी नाही!

मी उठलो. "कांडी ठेवा खाली. नुसता हात फिरवा."

"अश्रद्धांसमोर शक्ती उतरत नाही."

"फिरवा की!" मागून लोक ओरडले.

फिरवला. नवं पाणी उकळलं, थर चढला. मग मी त्याचीच कांडी साध्या पाण्यात ढवळली. उकळून आटवलं, भांडं लख्ख. "कांडीवर माझं रसायन वाळवलंय. घ्या, मीही संत झालो!"

हशा पिकला. गुडरून मात्र धावत आली. "ओटमार, मग ते रसायन तूच दे ना! घरचंच औषध!"

मी कपाळावर हात मारला. "अगं, मूत्रपिंड म्हणजे किटली नव्हे! आणि एवढ्याशाने किटलीतलासुद्धा जमलेला दगड जात नाही, नवा जमत नाही इतकंच. कसं केलं ते सगळं लिहून दिल्याशिवाय आम्हा संशोधकांना पेटंट मिळत नाही. जा, तुझ्या बाबाला विचार, तो कसं करतो!"

ती गेली. बाबा बाटल्या गोळा करत होता. "दैवी गोष्टी विचारायच्या नसतात, ताई."

ती परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "चल, दवाखान्यात," एवढंच म्हणाली.

उशीर झाला होता. एक मूत्रपिंड काढावं लागलं.

म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की विचारा, कसं केलं? आणि त्याच दिवशी विचारा. माझ्या बहिणीने आठ दिवसांनी विचारलं.