द्वारकाबाईंनी सही केली नाही

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल रंगाची, दोन दारांची आणि दोनच माणसांची. पण लासुर्णे गावात मला कुणी स्पोर्ट्स कार म्हणत नाही. इथली पोरं मला ‘बसकी’ म्हणतात, कारण माझं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आहे आणि प्रत्येक गतिरोधकाला ते घासतं. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आता येत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायचं नाही हे मी इथल्याच एका घरात शिकले.

बावीस वर्षांपूर्वी मी कारखान्यातून बाहेर पडले. पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी मला हौसेनं घेतलं. दर रविवारी ते मला मऊ कापडानं पुसत आणि घाटात फिरवून आणत. सिग्नलला लोक काच खाली करून माझी किंमत विचारत. त्या दिवसांत मी चांगलीच शेफारले होते. पुढे डॉक्टरांना दोन मुलं झाली, दोन सीट पुरेनात, आणि माझ्यावर ताडपत्री पडली. नऊ वर्षं! उंदरांनी माझ्या सीटांची लक्तरं केली. घरी पाहुणे आले की विचारत, ‘हे धूड अजून विकलं नाही का?’ ताडपत्रीखाली सगळं ऐकू येतं, मित्रांनो.

शेवटी मला दोरीनं ओढत बारामती एमआयडीसीतल्या एका गॅरेजात आणलं. तिथे माझे सुटे भाग करून विकायचे होते. पण आधी मला प्रगतीनं पाहिलं. ही एकवीस वर्षांची मुलगी एमआयडीसीत दुधाच्या प्लांटमध्ये यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करते. मोटारसायकलचा प्लग बदलायला आली आणि माझं बॉनेट उघडून तासभर उभी राहिली. वर्षभराची शिल्लक देऊन तिनं मला घेतलं आणि लासुर्ण्याला नेलं. अंगणातल्या शेवग्याखाली, ट्रॅक्टरच्या शेजारी मला जागा मिळाली.

पुढचे सात महिने प्रत्येक सुट्टीच्या दिवशी ती माझ्या पोटाखाली होती. ब्रेकचे पाइप बदलले, दारांची रबरं बदलली, सीटला नवं कापड घातलं. आरटीओतून माझी तपासणी झाली, मी तिच्या नावावर झाले. ज्या दिवशी माझं इंजिन पहिल्यांदा गुरगुरलं, त्या दिवशी तिची आजी द्वारकाबाई बाहेर आल्या, माझ्याकडे वाकून बघत म्हणाल्या, “ह्यात बसायचं का निजायचं गं?”

सगळं झालं होतं. फक्त विमा राहिला होता. आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं प्रगतीच्या वडिलांनी, अप्पांनी, बजावलं होतं.

“दिवाळीपतूर कागद झाला तर झाला. न्हायतर भंगारवाल्याला बोलावणार,” ते म्हणाले. अप्पा शब्दाचे पक्के. माझ्या टाकीत तेव्हा पेट्रोल थोडं आणि धास्ती जास्त होती.

विम्याचं काम करणारे सर्जेराव कागद घेऊन आले. माझी किंमत त्यांनी साठ हजार लिहिली. साठ हजार! मी मनातल्या मनात फणकारले. पण खरा धक्का त्यापुढच्या आकड्याचा होता. पूर्ण विम्याचे वर्षाला एकवीस हजार.

“एवढं कसं?” प्रगतीनं विचारलं. तिचा महिन्याचा पगार सोळा हजार.

“गाडी बावीस वर्षांची, पार्ट मिळत न्हाईत. त्यात पळणारी गाडी. चालवणारी एकवीसची, लायसन वर्षाचं,” सर्जेराव बोटांवर मोजत म्हणाले. “दोन कंपन्यांनी तर अर्ज बघूनच न्हाय म्हटलं. ही तिसरी निदान आकडा तरी सांगतीया.”

मग त्यांनी आवाज खाली आणला. “एक वाट हाय. गाडी द्वारकामावशींच्या नावावर करा आन मुख्य चालक म्हणून त्यांचंच नाव लिवा. वय बहात्तर. कंपनीला वाटंल, गाडी अंगणातच उभी ऱ्हाणार. नऊ हजारांत काम.”

मित्रांनो, तुम्हाला हे ऐकून हसू येईल. पण या घरात ते कुणालाच वावगं वाटलं नाही. इथे ट्रॅक्टर द्वारकाबाईंच्या नावावर, मोटारसायकल त्यांच्या नावावर, विहिरीवरची मोटरसुद्धा त्यांच्याच नावावर. त्यांचं नाव लाभतं, असा घरच्यांचा विश्वास. अप्पांनी मान डोलावली. सर्जेरावांनी पेन पुढे केलं. मीसुद्धा म्हणत होते, करा हो आजी सही, मला एकदाचं रस्त्यावर जाऊ द्या!

द्वारकाबाईंनी पेन हातात घेतलं आणि कागदाकडे बघत बसल्या. मग पेन खाली ठेवलं.

“न्हाय करायची मी सही.”

“आई, अगं नुसतं नावापुरतं—” अप्पा म्हणाले.

“नावापुरतंच केलं हुतं तवा बी. इसरलास?”

अप्पांनी मान खाली घातली. तेव्हा प्रगतीला पहिल्यांदाच कळलं, आणि मलाही. पंचवीस वर्षांपूर्वी या घरात एक टेम्पो होता, अर्थात द्वारकाबाईंच्याच नावावर. अप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचे, लायसन नसलेले. डाळजजवळ हायवेला त्यांच्या टेम्पोनं बिरू नावाच्या मेंढपाळाला उडवलं. घरच्यांनी विम्याच्या कागदावर लिहिलं की टेम्पो अप्पांचे चुलते लखन चालवत होते. त्यांच्याकडे लायसन होतं.

“त्या कागदावर माझी सही हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चौकशीत खोटं उघडं पडलं. इमा कंपनीनं हात वर केलं, सहा वर्षं कोर्टात गेली. वेळेला पैसा मिळाला न्हाय म्हणून बिरूचा पाय तसाच वाकडा जुळला. आमी नंतर दिलं पैसं. पर पाय देता आला का? कागद गाडीसाठी नस्तो सर्जेराव, तो समोरच्या माणसासाठी आस्तो. त्याच्यावर मी आता खोटं लिवणार न्हाय.”

मग प्रगतीनं विचारलं, “सर्जेरावकाका, नुसता समोरच्या माणसाच्या नुकसानीचा विमा कितीला?”

“त्याचा दर ठरल्याला हाय. तुला काय, आजीला काय, सारखाच. साडेतीन हजार. तुझा सोताचा अपघाती इमा धरून चार. पर मग गाडीला काय झालं तर फुटकी कवडी मिळायची न्हाय.”

“गाडीला काय झालं तर मी दुरुस्त करीन. लिवा, माझ्या नावानं.”

अप्पांनी लेकीकडे पाहिलं आणि मानेनंच होकार दिला. माझं भंगार टळलं. पण खरं सांगते, मला आनंद झाला नाही. सगळ्यांची काळजी घेतली, आणि माझीच तेवढी नाही! पुण्यात सिग्नलला लोक जिची किंमत विचारत, तिच्या वाट्याला कवडीसुद्धा नाही. ट्रॅक्टर शेजारी उभा होता. त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटली.

दिवाळी झाल्यावर द्वारकाबाई दरवर्षी बिरूच्या घरी फराळाचा डबा नेतात. यंदा त्या माझ्यात बसून निघाल्या. बसताना प्रगतीनं त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं. आम्ही उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून सावकाश चाललो होतो. पळायला जन्मलेली मी, आणि सायकलवाले मला मागे टाकत होते.

डाळजच्या अलीकडच्या वळणावर अचानक मेंढरं रस्त्यावर आली. प्रगतीनं ब्रेक दाबला. तिनंच घातलेले ते पाइप, ते ब्रेक जागच्या जागी लागले. कळप माझ्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला, आणि एका मेंढ्यानं जाता जाता माझ्या डाव्या दारावर शिंग ओढलं. लाल रंग निघाला, आतला पत्रा दिसू लागला. मी कळवळले.

प्रगती उतरली. तिनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. “मामा, मेंढ्याला लागलं न्हाय ना?” तिनं मागून लंगडत येणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

तो बिरूच होता. त्यानं मेंढ्याला चाचपलं, मग माझ्या दाराला बोट लावलं. “गाडीचं लई नुकसान झालं की. आन ही गाडी कुणाची?” आत बसलेल्या द्वारकाबाई दिसल्यावर तो हसला. “तुमचीच आसंल. तुमच्या घरात समदं तुमच्याच नावावर आस्तंय.”

“न्हाय बिरू,” द्वारकाबाई खिडकीतून बाहेर हात काढत म्हणाल्या. “हिची हाय. चालवती बी हीच, आन कागदावर बी हिचंच नाव हाय.”

बिरूनं त्यांचा हात हातात घेतला. मेंढरं शेतात उतरली तरी त्यानं तो सोडला नाही.

मित्रांनो, त्या वळणावर आम्ही जरा उशिरा पोचलो असतो आणि ब्रेक चुकला असता, तर माझ्यापुढे मेंढरं नव्हे, मागून येणारा बिरू असता. पण या वेळी त्याला पैशांसाठी सहा वर्षं थांबावं लागलं नसतं. एवढं एकच काम त्या चार हजारांच्या कागदाचं होतं. मला कवडी मिळाली नाही याचं दुःख मी तिथेच, रस्त्याच्या कडेला सोडून दिलं.

तुमच्या घरात गाडी असेल तर तिला धुवा, पुसा, वेळेवर तेल बदला. आणि एकदा तिचा कागदही काढून वाचा. त्यावर जे लिहिलंय ते खरं आहे ना, एवढं घरच्यांना नक्की विचारा.

प्रगतीनं आता माझ्यासाठी लाल रंगाचा डबा आणलाय. रविवारी ती दाराला लावणार आहे. मला बोलता येत असतं तर मी तिला सांगितलं असतं, बाकी सगळीकडे लाव, पण डाव्या दारावरचा तो ओरखडा तेवढा राहू दे.