जाड, ठळक आणि डागाळलेली

आमच्या ह्यांनी जन्मभर छापखाना चालवला आणि जन्मभर डागांशी भांडण केलं. जाहिरातींच्या मोठ्या लाकडी अक्षरांना चिरा पडल्या, कोपरे झिजले की कागदावर पांढरे ओरखडे उमटायचे. असा कागद निघाला की हे तो माझ्या हातात देऊन म्हणायचे, "जाळून टाक." छापखाना कधीच बंद झाला, पण अक्षरांची पेटी अजून माळ्यावर आहे आणि ह्यांचा स्वभावही आहे तिथेच आहे.

आता लेक कॉम्प्युटरवर अक्षरं घडवते. एका प्रकाशकाला मुखपृष्ठांसाठी जुन्या छपाईसारखी जाड, ओरखडे पडलेली अक्षरं हवी होती. तिने पेटीतल्या तीन-चार अक्षरांचे ठसे पाठवले, ते त्यांना आवडले. बाकीची सगळी अक्षरं शनिवारपर्यंत द्यायची, नाहीतर काम दुसऱ्याकडे. तिचं हे पहिलंच मोठं काम.

"डाग विकणार तू?" हे कडाडले.

"बाबा, लोकांना तेच आवडतं."

"गाढवाला गुळाची चव काय!"

झालं, बापलेकीची बोलचाल बंद. मी आपली मधे निरोप्या.

मंगळवारी लेक बाहेरून आली तर टेबलावर सगळी अक्षरं ओळीने मांडलेली. ह्यांनी एकेक चीर पुट्टी भरून बुजवली होती, पॉलिश पेपर घासला होता, वरून तेलाचा हात फिरवला होता. अक्षरं नुसती चकाकत होती.

"घे," हे म्हणाले. "चांगला माल दे त्यांना. माझ्या लेकीने खराब काम का द्यावं?"

लेक मटकन खाली बसली. "बाबा, मला त्या चिराच हव्या होत्या हो."

ह्यांचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना. बिचाऱ्यांनी जीव ओतून केलं, आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठीही जीव तुटला.

मी स्वयंपाकघरात गेले, डबे उतरवले आणि फळ्यांवर अंथरलेले कागद काढले. मग कपाटातले, कपड्यांखालचे. सर्कशीची जाहिरात, नाटकाची, कुठल्याशा सेलची. थोडे तेलकट झाले होते, पण ओरखडा अन् ओरखडा शाबूत होता.

हे बघतच राहिले. "जाळायला सांगितले होते ना तुला?"

"सांगितलं होतंत. तुमचं सगळंच ऐकलं असतं तर घर चाललं असतं का?"

खरं तर फळ्यांना दुसरा कागदही मिळाला असता. पण डबा उचलला की खालून ह्यांचं एखादं अक्षर डोकावायचं आणि मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कधी बोलले नव्हते, ती त्या दिवशी बोलून टाकली. हे चष्मा पुसत बसले. लेक डोळे पुसत हसली आणि कागद उचलून कामाला लागली.

शुक्रवारी मी चहा घेऊन गेले तर हे तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेले. काम जवळजवळ संपलं होतं. स्क्रीनवर बोट टेकवून हे म्हणत होते, "हा 'ळ' फारच साफ दिसतोय गं. डावीकडे जरा खरवड. आपला असा नव्हता."