उशीरची हजेरी

ताईने मंचावरची मधली खुर्ची उचलली, कडेपर्यंत नेली, क्षणभर तिथे टेकवली आणि परत होती त्याच जागी आणून ठेवली. खाली झाडू मारणारा शिपाई हात थांबवून बघत होता.

"ताई, एकदाचं काय ते ठरवा. खुर्चीलाच चक्कर यायची."

एरवी ताई हसली असती. नगरपालिकेच्या समारंभ विभागात खुर्च्या लावण्यात तिची हयात गेली होती. पहिली रांग मिळाली नाही म्हणून गाल फुगवून बसणारे, शेजारी नको तो आला म्हणून भर कार्यक्रमातून पोट धरून उठणारे, सगळ्यांना तिने गोडीगुलाबीने सांभाळलं होतं. पण या खुर्चीवर बसणारा माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि उद्या तो तिथे बसला की समोरचं सभागृह रिकामं होणार होतं.

धाकटा रांगतही नव्हता तेव्हा शहरातल्या काच कारखान्याची भट्टी फुटली आणि सकाळची अख्खी पाळी गेली. त्यात ताईचे बाबाही गेले. दरवर्षी त्या दिवशी नगरपालिका समारंभ करते. भाषणं होतात, ती कुणी ऐकत नाही. लोक येतात ते हजेरीसाठी. कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर पाळीची हजेरी घ्यायचा, तीही खऱ्या नावांनी नाही, टोपणनावांनी. म्हणून समारंभातही तशीच घेतात. भोपळ्या, मास्तर, दीडशहाणा. नाव पुकारलं की घरचं माणूस उभं राहून 'हजर' म्हणतं. पहिल्या वर्षी एका अधिकाऱ्याने पूर्ण नावं वाचली होती, तेव्हा एकानेही ओ दिली नव्हती.

बाबांचं नाव होतं उशीर. हजेरी अर्ध्यावर आली की ते कोपऱ्यावर दिसायचे, आणि आपलं नाव ऐकू आलं की रस्त्यातूनच पळत पळत ओरडायचे, "हजर!" मग सगळी पाळी एका सुरात म्हणायची, "आला एकदाचा!" शाळेच्या वाटेवर त्यांचं बोट धरून धावताना ताईने ते कितीदा ऐकलं होतं. भट्टी फुटली त्या सकाळी मात्र ते वेळेवर पोहोचले होते. समारंभात आई नाव येण्याआधीच उभी असायची. बाबांना जन्मात जमली नाही ती वेळ तिने त्यांच्यामागे पाळली.

या वर्षी आईचा आवाज गेला होता. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला तो गेलाच. आणि हजेरी घेते ताई. हाक देणाऱ्याने स्वतः ओ द्यायची नाही, हा टाइमकीपरचा जुना कायदा. म्हणजे बाबांच्या नावाला ओ द्यायला घरात धाकटाच उरला होता.

विभागाचे साहेब नावाची पाटी घेऊन मंचावर आले. पाटीवर लिहिलं होतं, 'मा. लोकप्रतिनिधी'.

"मधेच ठेवा," ते म्हणाले. "ताई, मला तो आवडतो अशातला भाग नाही. पण निवडून आलेला माणूस आपल्याला पटत नाही म्हणून आपण खाली बसवला, तर उद्या आपल्या मनासारखा निवडून आला की त्याला दुसरा कुणी खाली बसवेल. त्यापेक्षा नियम बरा."

"नियम कुणी मोडतंय का, साहेब?"

आवाज दाराकडून आला. टाइमकीपरची बायको, सगळ्यांची मावशी, काठी टेकत आत येत होती.

"लोकांनी त्याला कायदे करायची खुर्ची दिली. आमच्या माणसांच्या उरावर बसायची नाही दिली."

"मावशी, तुमच्या भागातूनसुद्धा त्याला भरपूर मतं पडली."

"पडली असतील. माझ्या सुनेनंही दिलं असेल, मी काय पेटीत डोकावले नाही. तुम्ही त्याला बसवा वर, तुमचं काम आहे ते. तो बसला की आम्ही उठू. भांडण नाही, घोषणा नाही. उठू आणि आपापल्या घरी जाऊ."

साहेब पाटी सरळ करून निघून गेले.

मावशीचं दुखणं एका वाक्याचं होतं. कारखान्याची जागा या घरांनी हट्टाने मोकळी ठेवली होती. धाकट्याला तिथे नवा कारखाना हवा होता, आणि प्रचाराच्या सभेत तो म्हणाला होता, "मेलेल्यांच्या नावावर आणखी किती दिवस बसून खाणार?" टाळ्या कडाडल्या. तो दणदणीत निवडून आला.

"मी न्हाऊ घातलंय गं त्याला," मावशी ताईजवळ येऊन हळूच म्हणाली. "परका असता तर एवढं लागलं नसतं. तू असं कर, हाक दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे. तू खाली बस आणि बापाला ओ दे. त्याची गरजच नको."

संध्याकाळी ताईने हे आईला सांगितलं. आईने नकाराची मान हलवली आणि हात गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला. ही धाकट्याची खूण. आता तो दारातून वाकून आत यायचा, पण आईच्या हाताने त्याची उंची कधी वाढवली नव्हती.

थोड्याच वेळात तो आला, मागच्या दाराने. निवडून आल्यापासून तो गाडी कोपऱ्यावर सोडून असाच यायचा. ताईने चहा ठेवला.

"मी वर बसणार आहे," बसता बसताच तो म्हणाला.

"बस की. खुर्ची लावलीय, पाटी ठेवलीय."

"मग तोंड का पाडलंयस?"

"तू वर बसलास की खाली कुणी राहणार नाही. मी हजेरी कुणाची घेऊ, खुर्च्यांची?"

"म्हणजे मी पळ काढायचा? ताई, एवढ्या लोकांनी निवडून दिलंय मला. पोरं कामाशिवाय बसलीत या शहरात. मी बोललो त्यात चूक काय होतं? मेलेल्यांच्या नावावर किती दिवस..."

आईने त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. लहानपणी तो शिवी देऊन घरात यायचा तेव्हा ठेवायची तसाच. धाकट्याने कप तसाच धरून ठेवला. आईने तो हात बराच वेळ काढला नाही. मग काढला, आणि त्याच हाताने त्याच्या मिशीला लागलेला चहा पुसला.

ताईला रडू फुटलं. ती उगीच ओट्याकडे वळून भांडी वाजवत राहिली.

"बाबांना ओ कोण देणार?" पाठमोरीच तिने विचारलं.

त्याने चहा संपवला, आईच्या पायांवर पांघरूण घातलं आणि आला तसा मागच्या दाराने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. माणसं बसली होती, पण उठायच्या तयारीने, पिशव्या हातात धरून. सगळ्यांचे डोळे मधल्या खुर्चीवर. ती रिकामीच होती. पहिल्या रांगेत आई आणि मावशी, आणि दोघींच्या मधे एक खुर्ची, तिच्यावर आईची पिशवी.

"कुणासाठी धरलीयस?" मावशीने विचारलं. आई समोर बघत राहिली.

नगराध्यक्षांचं भाषण झालं. दुसरं झालं. साहेब दर मिनिटाला दाराकडे बघत होते. धाकटा आला नाही. येत नाही हे कळलं तसं सभागृह सैलावलं, पिशव्या खाली ठेवल्या गेल्या. लोकांचा जीव भांड्यात पडला आणि ताईचा टांगणीला लागला. तो वर बसला असता तर निदान या छपराखाली तरी असता.

ती माइकपाशी गेली.

"भोपळ्या!"

"हजर."

"मास्तर!"

"हजर."

एकेक घर उठत होतं, बसत होतं. ताईचा आवाज दरवर्षीसारखाच खणखणीत होता. आत काय चाललंय ते आवाजाला कळू द्यायचं नाही, ही कला तिला याच नोकरीने शिकवली होती. दीडशहाणा झाला. पुढचं नाव तिच्या जिभेवर येऊन अडलं. खाली आई केव्हाच उभी राहिली होती.

"उशीर!"

आईचे ओठ हलले. आवाज आला नाही. ताईने माइकची दांडी घट्ट धरली. दुसऱ्यांदा पुकारायची पद्धत नव्हती. पुढचं नाव घेणं भाग होतं, आणि तिला ते घेववेना.

बाहेरच्या पायऱ्यांवर धावत्या बुटांचा आवाज झाला. मागचं दार धाडकन उघडलं.

"हजर!"

ओरडणाऱ्याला धाप लागली होती. मंचावरच्या दिव्यांमुळे ताईला दारातली नुसती आकृती दिसत होती, बाबांएवढ्या उंचीची. पण डोळे मिटले असते तरी फरक पडला नसता. हा आवाज तिने रस्त्यातून, बोट धरून, धावता धावता ऐकला होता. धाकट्याने तो जन्मात ऐकला नव्हता.

कुणीही वळून पाहिलं नाही. माना ताठच होत्या. कुणीतरी पिशवी उचलल्याचा आवाज झाला, ताईने ऐकला. मग पहिल्या रांगेतून, दाराकडे पाठ ठेवूनच, मावशी बोलली. टाळ्यांसाठी नाही, कुणाला सुनावायला नाही, सवयीने बोलावं तशी.

"आला एकदाचा."

मागच्या रांगेतलं कुणी म्हातारं हसलं, आणि हसता हसता त्याला हुंदका आला.

ताईला आता थांबता येत नव्हतं. पुढचं नाव टाइमकीपरचं होतं.

"घड्याळ!"

मावशी काठीवर भार देऊन उठली. "हजर," ती म्हणाली. बसण्यापूर्वी मान किंचित तिरकी केली.

"दार लावून घे. वारा येतोय."

दार लागलं. आतून लागलं की बाहेरून, दिव्यांमुळे ताईला दिसेना. तिने खाली पाहिलं. आई अजून उभीच होती, मागे वळून बघत होती. मावशीने दोघींच्या मधल्या खुर्चीवरची आईची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

ताईने पुढचं नाव पुकारलं.