उसन्या शब्दांची वेबसाइट

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी वेबसाइट आहे. वय अवघं सहा वर्षं, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. हर्सूलला कय्युम सरांचा दहावीच्या गणिताचा क्लास आहे, त्या क्लासची मी.

माझा जन्म क्रांती चौकातल्या एका दुकानाच्या माडीवर झाला. तिथं अभयभाऊ वेबसाइट बनवून देतात. त्यांनी सरांना मजकूर मागितला. आता आमचे सर फळ्यासमोर तीन तास बोलतील, पण स्वतःबद्दल चार ओळी लिहा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. "तुमीच लिहा ना भाऊ, काहीतरी भारी," म्हणून मोकळे झाले! अभयभाऊंनी मग दुसऱ्या शहरातल्या एका बड्या क्लासचा मजकूर उचलला, नाव तेवढं बदललं आणि माझ्या अंगावर चढवला.

वातानुकूलित वर्ग. शंभर टक्के निकाल. फक्त गुणवंतांसाठी. मुलींच्या वसतिगृहाची सोय. आणि खरं काय, तर पत्र्याची एक खोली आणि दोन पंखे! सरांनी वरवर पाहिलं आणि "वा, क्या बात है," म्हणाले. मीही शेफारले. कोण नाही शेफारणार?

पुढं सरांनी किंवा अभयभाऊंनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ‘प्रवेश सुरू’ ही माझी पट्टी ऐन दिवाळीतही लुकलुकत राहायची.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. सरांचा हातखंडा होता तो गणितात नापास झालेल्या मुलांना शिकवण्यात. अशी मुलं पूर्वी ऐकून ऐकून यायची. आता जो तो आधी मोबाइलमध्ये बघतो. ती माझं पान उघडायची, ‘फक्त गुणवंतांसाठी’ वाचायची आणि गुपचूप मिटून टाकायची. मीच त्यांना दारातून हाकलत होते हो! बावीस वर्षांच्या क्लासमध्ये तीन मुलं उरली. यंदा दहावीचा निकाल लागला तेव्हा सरांनी घरमालकाला सांगून टाकलं, "पुरवणी परीक्षेच्या बॅचला पंधरा पोरं नाय आली, तर खोली सोडतो."

दुसऱ्याच दिवशी वेरूळहून दगडाबाई आल्या. सोबत नात संस्कृती, आणि तिची गादी, बादली, पत्र्याची पेटी!

"पोरींचं वसतिगृह कुठंय, मास्तर?"

"वसतिगृह? इथं नाय मावशी तसलं काही."

दगडाबाईंनी नातीचा मोबाइल सरांच्या नाकासमोर धरला. "मंग हे काय लिवलंय? पोरगी गणितात नापास झाली म्हून तीन दिस जेवली नाय. तिला घिऊन आले, तर तुमी आमाला येडं करता व्हय? तुमाला काय ठावं नापास व्हनं काय आसतं!"

सर खाली मान घालून मला पहिल्यांदाच नीट वाचू लागले. त्यांचे कान लाल झाले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मावशी, चूक झाली माझी. न वाचता लावलं हे," सर हळूच म्हणाले. "पण ठावं आहे मला. मी सोता दहावीला गणितात दोनदा नापास झालोय."

दारात उभ्या असलेल्या संस्कृतीनं मान वर केली. "मंग सर, ह्येच का नाय लिवलं?"

सरांनी एक जुनी प्रश्नपत्रिका ओढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. एकेक ओळ दगडाबाईंना वाचून दाखवायची, आणि त्यांना कळली नाही की खोडायची. ‘संकल्पनाधिष्ठित अध्यापन’ ऐकून त्या म्हणाल्या, "ह्ये काय औशीद हाय का?" खोडलं! शेवटी उरलं ते एवढंच: ‘गणितात नापास झालात? मीही झालो होतो, दोनदा. पाढ्यापासून सुरू करू. पत्र्याची खोली आहे, दोन पंखे आहेत. वसतिगृह नाही. आधी आठ दिवस बसून बघा.’ खाली क्लासची वेळ, पत्ता आणि सरांचा चालू नंबर.

"सर, असं लिहिलं तर लोक पळून जातील," अभयभाऊ फोनवर म्हणाले.

"पळू द्या. पण हेच लावा."

मित्रांनो, आठ दिवसांत एकोणीस मुलं आली. खोली सुटली नाही. माझा जीव भांड्यात पडला. गादी-पेटी वेरूळला परत गेली आणि संस्कृती रोज एसटीनं येऊ लागली.

पुरवणीचा निकाल लागला तसा तिचा फोन आला. "सर, सत्तेचाळीस पडले! माझा फोटू लावा."

"लावतो की! मोठा लावतो!"

"नुसते सत्तेचाळीस नका लिवू. आदीचे अठरा बी लिवा. माझ्यावानी कुणी बघत आसंल."

मित्रांनो, आमची थोडी काळजी घेत जा. अधूनमधून उघडून वाचा, शिळं झालेलं काढा आणि आमच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालू नका. अठरा आणि सत्तेचाळीस, दोन्ही आकडे आज माझ्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी आहेत. मी कितीही जुनी झाले, तरी त्यातले अठरा तेवढे कधी पुसू नका.