श्री. क्ष यांचा कारखाना

शलाका मॅडमनी फळ्यावर ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोन शब्द लिहिले, मध्ये रेघ ओढली आणि मार्करला टोपण लावलं.

“बोला. श्री. क्ष यांनी काय करावं?”

उद्योजकतेच्या वर्गात अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्याची चर्चा चालली होती. पुठ्ठ्याची खोकी, जुनी मशीन, चार कामगार. मालकाचं नाव झाकायचं आणि त्याला मागच्या बाकावर गुपचूप बसवायचं, ही मॅडमची या वेळची युक्ती. ओळख शेवटी. म्हणजे मुलं मोकळेपणी बोलतात. दुसऱ्याच्या धंद्यावर मोकळेपणी बोलायला कुणाचं काय जातं म्हणा!

श्री. क्ष म्हणजे अस्मिताचे वडील, मिलिंद. हे फक्त तिला आणि मॅडमना ठाऊक होतं. तिनेच गळ घातली होती, “पप्पा, या ना. एवढी डोकी आहेत, काहीतरी मार्ग निघेल.” ते इस्त्रीचा शर्ट घालून कात्रपच्या घरून आले होते.

“मॅडम, ह्या माणसाला कामगार काढताच येत नाहीत,” विनीत म्हणाला. “एकाला नीट दिसतपण नाय, तरी पगार चालू. धंदा आहे की आश्रम?”

वर्ग हसला. अस्मिताही हसली, न हसती तर सगळ्यांना कळलं असतं. त्या हसण्याची तिला लगेच लाज वाटली.

“इमोशनल आहे यार तो,” ऋतिका म्हणाली. “मशीन विकायची, गाळा भाड्याने द्यायचा. सिंपल.”

“पण ऑर्डर वाढल्या तर?” अस्मिताचा आवाज नको तितका चढला.

“कुठून वाढणार? मोठे लोक बसलेत ना मार्केटमध्ये.”

अस्मिताने वहीत मान घातली. जेवताना हाच विषय निघाला की पप्पाही ‘बघू’ म्हणून हात धुवायला उठत.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “चला, मत घेऊ. बंद करावा असं कुणाला वाटतं?”

भराभर हात वर गेले. अस्मिताने आपला हात मांडीखाली दाबून धरला. मॅडम मोजत मोजत मागच्या बाकापर्यंत आल्या आणि थबकल्या. त्या कुठे बघताहेत म्हणून पोरं वळली. अस्मितालाही वळावं लागलं.

मिलिंदनी हात वर केला होता. बाकीच्यांचे खाली आले तरी त्यांचा वरच होता.

“माझंपण मत धरा, मॅडम,” ते म्हणाले.